गॅस बंद केलाय ना?

माझ्या मोबाइलमध्ये गॅसच्या नॉबचे २१४ फोटो आहेत.

दचकू नका. मी गॅस कंपनीत कामाला नाही, की मला नॉबची आवडही नाही. मी हिंजवडीतल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. थोडक्यात, ‘काय काय बिघडू शकतं?’ याचा विचार करायचे मला महिन्याच्या शेवटी पैसे मिळतात. प्रॉब्लेम एवढाच, की हा विचार संध्याकाळी सहानंतर बंद होत नाही.

सकाळी फ्लॅटला कुलूप लावून लिफ्टपर्यंत पोचते आणि डोक्यात घंटी वाजते. गॅस? परत जाते. बंद असतो. पुन्हा लिफ्ट. पुन्हा घंटी. कुलूप? हिसडा मारून बघते. लागलेलं असतं. खाली पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावली की तिसरी घंटी. गीझर! आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका आता मला बघितलं की घड्याळ बघत नाहीत, बोटं मोजतात. “ताई, आज दोनदाच?” असं त्यांनी एकदा काळजीने विचारलं होतं. त्यांना वाटलं, मला बरं नाही.

यावर माझ्या रूममेटने उपाय काढला. निघताना नॉबचा फोटो काढायचा, ऑफिसात शंका आली की बघायचा. उपाय झकास होता, फक्त त्याचे साइड इफेक्ट्स तिने सांगितले नव्हते. गेल्या वर्षी कांदेपोह्यांच्या एका कार्यक्रमात मुलाची आई कौतुकाने म्हणाली, “तू फिरतेस म्हणे खूप, दाखव ना फोटो.” मी दाखवले. नॉब, नॉब, नॉब, महाबळेश्वर, नॉब, नॉब. त्या बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांनी फक्त चहाचा कप खाली ठेवला आणि “बराच वेळ झाला, नाही?” असं मुलाकडे बघून म्हणाल्या.

तर मंडळी, अशा या माझ्यावर यंदाच्या जुलैत एक जबाबदारी येऊन पडली. आजीला आणायची.

आजी, म्हणजे आईची आई. वय ७८. रत्नागिरीच्या अलीकडे एका वाडीत एकटी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याने तर आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. पुण्यात डॉक्टरांची तारीख दोनदा घेतली आणि आजीने दोनदा रद्द केली. पहिल्यांदा, “अजून पिकला नाही.” दुसऱ्यांदा, “फणस पिकलेत.” मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पद्धत कधीच मागे पडली, उलट फार थांबलं तर तो कडक होतो आणि ऑपरेशन अवघड होतं, हे डॉक्टरांनी फोनवर तिला शांतपणे समजावलं. आजीने तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं आणि फणसाचे गरे पाठवून दिले.

पण जूनमध्ये ती पायरीवरून पडली. हाड मोडलं नाही, हे नशीब. मामाने फोनवर दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. आजी निरांजनात तेल घालताना बाजूला ओतते. देवघरासमोरची फरशी रोज तेलकट असते आणि ती रोज ती हाताने चाचपून पुसते. कोणाला कळू नये म्हणून.

तिसरी तारीख घेतली, गुरुवारची. आणायला मामा जाणार होता, पण नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसात ऑडिट निघालं. आईची दहावीच्या फेरपरीक्षेची ड्युटी. उरलं कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग आई म्हणाली, “जमेल ना गं तुला?” आणि त्या ‘ना’ मध्ये जे काही होतं, त्याने मी पेटले.

तयारीला लागले. म्हणजे एक्सेल शीट उघडली. त्यात तीन कॉलम: ‘काय बिघडू शकतं’, ‘बिघडलं तर काय करायचं’ आणि ‘तेही बिघडलं तर काय’. एकूण ४६ ओळी झाल्या. आजीच्या आधार कार्डाच्या चार झेरॉक्स काढून लॅमिनेट केल्या. गाड्यांच्या वेळा मे महिन्यातच सहज म्हणून उतरवून ठेवल्या होत्या, त्या शीटमध्ये चिकटवल्या. रेल्वेचं आगाऊ बुकिंग पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. लोकांना याचं दुःख झालं, मला आनंद. टेन्शन घ्यायचे ६० दिवस वाचले! पण माझं जाणं ठरलंच आयत्या वेळी, त्यामुळे हाती आलं आरएसी. म्हणजे खिडकीजवळची खालची एक बर्थ, दोन माणसं आणि बसल्या बसल्या एकमेकांच्या गुडघ्यांची ओळख.

पनवेलला मी गाडीच्या तीन तास आधी पोचले. तेवढ्या वेळात ‘ही रत्नागिरीला जाते ना?’ हा प्रश्न मी सात जणांना विचारला. त्यातला एक जण त्याच प्लॅटफॉर्मवर मला तोच प्रश्न विचारायला आला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून क्षणभर हसलो. जगात मी एकटी नाही, हे बघून बरं वाटलं.

गाडी सुटली. समोरच्या आरएसीवाल्या काकांनी रोहा यायच्या आत डबा संपवला, पाय वर घेतले आणि त्यांना गाढ झोप लागली. अशा माणसांचा मला हेवा वाटतो. मी मात्र जागी. मोबाइलमध्ये पाच अलार्म, समोर नकाशा उघडा. पण कोकण रेल्वेवर नकाशाचं काही खरं नाही. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झालेल्या या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. बोगदा आला की नेटवर्क जातं, आणि बाहेर येऊन नेटवर्क सापडेपर्यंत पुढचा बोगदा येतो. नकाशातला माझा निळा ठिपका चिपळूणला जो रुसून बसला, तो उठेचना.

मग मी माझ्या शीटवर विसंबले. शीट म्हणत होती, रत्नागिरी रात्री ९.४०. बरोबर ९.३८ ला गाडीचा वेग कमी झाला. ९.४० ला गाडी थांबली. बाहेर मिट्ट काळोख आणि धो धो पाऊस. आमचा डबा पार टोकाला, पाटी कुठे दिसेना. मी काकांना हलवलं. “काका, रत्नागिरी?” काका झोपेत म्हणाले, “हं.”

गाडी फार वेळ थांबत नाही, ही माझ्या शीटमधली ओळ क्रमांक ३१. मी सॅक उचलली आणि उतरले.

समोरच्या रुळावरून एक लांबलचक गाडी धडधडत निघून गेली. मग आमच्या गाडीने शिटी दिली आणि तीही निघाली. तिचा लाल दिवा लांब जाताना बघत असताना मला पाटी दिसली. उक्षी.

मंडळी, कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी छोट्या स्टेशनात बाजूला उभी राहते. त्याला क्रॉसिंग म्हणतात. आणि पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रकच वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडींच्या भीतीने गाड्या मुद्दाम हळू चालवतात. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या तिकिटावर पावसाळ्यातली खरी वेळ व्यवस्थित छापलेली होती. मी तिकीट बघितलंच नाही, कारण माझ्याकडे शीट होती. ४६ ओळींच्या त्या शीटमध्ये ‘शीटच चुकली तर?’ ही ओळ नव्हती.

मग जे झालं ते विनोदी नाही. छातीत धडधडायला लागलं, बोटांना मुंग्या, श्वास वरच्या वर. छत्री उघडायला गेले तर हात थरथरत होते. डोक्यात एकच रेकॉर्ड: आई बरोबर होती, आई बरोबर होती, तुला नाहीच जमत.

तेवढ्यात कोणी तरी म्हणालं, “मॅडम, इथे कुठे उतरलात?”

स्टेशनमास्तर होते. हातात हिरवा दिवा. मी जे काही बोलले त्यातलं त्यांना ‘आजी’, ‘गुरुवार’ आणि ‘एक्सेल’ एवढंच कळलं असणार. त्यांनी जास्त विचारलं नाही. ऑफिसात नेऊन खुर्ची दिली, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, “आता थांबणारी गाडी सकाळीच. उजाडलं की गावातली रिक्षा बोलावून देतो. घरी फोन करा आधी.”

स्टेशनच्या फोनवरून मामाला सांगितलं. मामाने एकच प्रश्न विचारला, “जेवलीस का?” मग म्हणाला, “आजीला मी कळवतो. ती अंगणात बसली असेल.”

रात्री साडेअकराच्या सुमारास एक माणूस आत आला. अंगावर रेनकोट, डोक्याला टॉर्च, हातात वॉकीटॉकी, खांद्याला पिशवी. पावसाने निथळत होता. त्याने वहीत सही केली, कोपऱ्यातल्या थर्मासमधून चहा ओतला, एक कप माझ्यापुढे सरकवला. गस्तीचा माणूस. पावसाळ्यात या मार्गावर दरडीच्या जागी दिवसरात्र अशी माणसं रुळांवरून चालत असतात. दरड दिसली, माती सरकली, पाणी वर आलं की गाडी थांबवायची. मुसळधार पावसात पुढचं दिसत नसेल तर ड्रायव्हरनेही ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा नियम आहे.

मी काळोखाकडे बघितलं आणि राहवेना म्हणून विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की,” तो म्हणाला. “न वाटणाऱ्याला कशाला ठेवतील या कामावर?”

मी हसले. तो हसला नाही, तो सरळ सांगत होता.

“मग झोप लागते घरी गेल्यावर? पाऊस पडत असेल तर?”

“लागते ना, ताई. माझी हद्द ठरलेली आहे. या खांबापासून त्या खांबापर्यंत. तेवढी मी डोळ्यात तेल घालून बघतो. पुढची हद्द दुसऱ्याची. तो त्याची बघतो. ड्युटी संपली की वहीत सही करायची आणि घरी जाऊन झोपायचं. मी घरी जागा राहिलो म्हणून दरड थांबते होय? उलट उद्या ड्युटीवर डुलक्या येतील.”

चहा संपवून तो परत पावसात गेला. मी बराच वेळ त्याच्या टॉर्चचा ठिपका बघत होते. माझ्यापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी निवांत होता. आम्हा दोघांत फरक एकच. त्याच्या काळजीला हद्द होती, वेळ होती आणि शेवटी सही होती. माझी काळजी विनापगारी ओव्हरटाइम करत होती.

पहाटे एक गाडी न थांबता गेली. स्टेशनमास्तर दिवा दाखवायला बाहेर उभे होते, मीही दारात गेले. त्यांनी सांगितलं, “इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने हात दाखवून मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. मनातल्या मनात बघितलं की माणूस विसरतो. तोंडाने म्हटलं की राहतं.” (पुण्याला आल्यावर वाचलं, जपानमधले रेल्वेवाले तर बोट रोखून, मोठ्याने बोलून सगळं तपासतात आणि त्याने चुका बऱ्याच कमी होतात. म्हणजे आमच्या वॉचमनकाकांना जे वेड वाटतं, ते तिथे ट्रेनिंगमध्ये शिकवतात!)

सकाळी सातला रिक्षाने आजीच्या अंगणात उतरले. आजी पडवीत बसलेली. शेजारी विझलेला कंदील.

“आलीस गो बायो? रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या.”

“मामाने कळवलं होतं ना तुला?”

“कळवलंन. पण कळवल्याने काळजी जाते होय?”

तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला, की हे माझ्याकडे आलं कुठून.

संशयाची खात्री तासाभरात पटली. आजीने सात पिशव्या बांधल्या होत्या. एकात फक्त पिशव्या होत्या, ‘लागल्या तर’. मांजराच्या दुधाचं शेजारच्या काकूंना चार वेळा सांगून झालं होतं, पाचव्यांदा माझ्यादेखत सांगितलं. तुळशीला पाणी नको, पाऊस आहे, हेही सांगितलं. रिक्षा दारात उभी राहिली आणि आजी पायरीवरच थांबली.

“नको जाऊया, बायो. दिसतंय तेवढं पुरे मला.”

मी काही बोलणार तेवढ्यात ती वळली. “थांब, गॅस बघून येते.”

आली. फाटकापर्यंत गेलो. “गॅस बंद केला का गो मी?” परत गेली. तिसऱ्यांदा मी तिच्या मागून गेले.

स्वयंपाकघरात अंधार होता. आजी ओट्यापाशी उभी होती आणि बोटांनी नॉब चाचपत होती. आधी डावा, मग उजवा. मग खाली वाकून रेग्युलेटर. मग पुन्हा डावा. बघत नव्हती, कारण तिला दिसतच नव्हतं. मी परत जाऊन बघते ती खात्री पटत नाही म्हणून. ती परत जात होती, कारण तिच्यापाशी खात्री करायला काही उरलंच नव्हतं. एकटं घर, दोन गढूळ डोळे आणि रोज रात्री हे असं चाचपणं. कधीपासून, कोण जाणे. विचारलं तर सांगितलंही नसतं.

सवयीने मी मोबाइल काढला, नॉबचा फोटो काढला आणि तिच्यापुढे धरला. “हे बघ, बंद आहे.”

आजी स्क्रीनच्या उजेडाकडे बघून कसनुसं हसली. “मला काय दिसतंय त्यात?”

माझ्यासारखी मूर्ख मीच. फोन खिशात टाकला. तिचा हात धरून नॉबवर ठेवला आणि खच्चून ओरडले, “गॅस बंद!”

आजी दचकली. “ओरडतेस कशाला? बहिरी नाही मी.”

“तू पण म्हण. इंजिनात असंच करतात. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं. दोघांनी म्हटलं की झालं, परत बघायचं नाही.”

आजीने माझ्याकडे, म्हणजे माझ्या दिशेने, बघितलं. मग पदर खोचला आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गॅस बंद!”

“कुलूप बंद!”

“कुलूप बंद!”

रिक्षावाला चक्रावून बघत होता. पण आजी रिक्षात बसली. फाटकापासून परत न वळता.

एसटीत चढल्यावर माझ्या लॅमिनेशनचं सार्थक झालं. ७५ वर्षांवरच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं. आजीचं मूळ कार्ड सातव्या पिशवीच्या आतल्या पिशवीत. मी ऐटीत चारपैकी एक झेरॉक्स काढली, मग दुसरी, आणि कंडक्टरने हात जोडले. “पुरे, ताई. पटलं.” आजी ते शून्य रुपयांचं तिकीट पुण्यापर्यंत मुठीत धरून बसली होती. फुकट असलं म्हणून काय, तिकीट ते तिकीट!

चिपळूण सोडून गाडी कुंभार्ली घाट चढायला लागली. धुकं, पाऊस, वळणं. एरवी मी सीटचा दांडा धरून ड्रायव्हरच्या वतीने ब्रेक दाबत बसते. पाय दाबलाही. मग आठवलं. या खांबापासून त्या खांबापर्यंत. स्टिअरिंग माझ्या हद्दीत नव्हतं. माझ्या हद्दीत होती आजी, तिच्या गोळ्या आणि सात पिशव्या. पिशव्या मोजल्या. सात. मनातल्या मनात सही केली. आणि मंडळी, हे मी आमच्या खानदानात पहिल्यांदा लिहिते आहे: मला घाटात झोप लागली. कराडला आजीने उठवलं. “घोरतेस गो तू!”

गुरुवारी ऑपरेशन झालं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं आपलं भिंग गढूळ होणं. ते काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेकांना भूलही पूर्ण द्यावी लागत नाही, डोळ्यापुरती पुरते आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. हे सगळं मला पाठ होतं. तरी बाहेरच्या बाकावर बसल्यावर डोक्यात घंटा सुरू झाल्या. वर्षभरापूर्वी ऑफिसने आणलेल्या समुपदेशक बाईंनी मला सांगितलं होतं, ‘काळजीला रोज ठरावीक वीस मिनिटं दे. बाकी वेळ आली तर वहीत टिपून ठेव आणि सांग, तुझी वेळ संध्याकाळी सहाची.’ तेव्हा मला ते अगदीच पुस्तकी वाटलं होतं. त्या दिवशी बाकावर बसून मी वहीत लिहिलं, ‘आजीला काही झालं तर?’ आणि पुढे लिहिलं, ‘६ वाजता’. सगळी धडधड काही गेली नाही. पण ती बाजूला उभी राहिली. क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीसारखी.

सहा वाजता वही उघडली तेव्हा आजी घरी पलंगावर बसून चहात बिस्किट बुडवत होती. प्रश्न खोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आई, मामा, मी. आजीने डोळ्याची उघडझाप केली, खिडकीकडे बघितलं, मग आईकडे. “केस किती पिकले गो तुझे,” ती हळूच म्हणाली. आईला रडू आलं. मग मामाकडे बघून, “तू जाड झालास.” मग माझ्याकडे वळून तिने हात पुढे केला. “तो फोटो दाखव बघू.”

“कुठला?”

“गॅसचा. तिकडे काढलास तो.”

मी मोबाइल दिला. आजीने तो हातभर लांब धरून नीट बघितला. बराच वेळ. मला वाटलं, आता काहीतरी मोठं वाक्य येणार.

“शी! किती मेणचट झालेत नॉब. आणि एवढे दिवस मी लोकांना त्याच हातांनी चहा देत होते!”

मग तिने बोट सरकवलं. पुढचा फोटो, पुढचा, त्याच्या पुढचा. माझ्या फ्लॅटमधल्या नॉबचे २१३ फोटो. खोलीत शांतता पसरली. आता कांदेपोह्यांसारखं चहाचा कप खाली ठेवायची वेळ आली, असं मला वाटलं. पण आजीने मोबाइल बंद केला, माझ्या हातात दिला आणि माझी बोटं तिच्या हातात थोडा वेळ धरून ठेवली.

“तुझ्या आजोबांना कधी सांगितलं नाही मी,” ती म्हणाली. “रात्री चार-चारदा उठायची. दिसत होतं तेव्हापासून.”

आता यातून ‘आणि त्या दिवसापासून माझं टेन्शन पळालं’ असा शेवट करायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालेलं नाही. परवाच मी ऑफिसच्या पार्किंगमधून परत गेले होते, गाडीचं हँडल लॉक बघायला. पण फोटो काढणं बंद झालंय. २१४ वर गाडी थांबली आहे. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घंटा माझ्यापेक्षा मोठ्याने वाजत असतील, झोप आणि जेवण उडत असेल, तर त्याला विनोद समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत. हवं तर शीटमध्ये लिहून ठेवा. शीट वाईट नसते हो, फक्त तिकीटही बघायचं असतं.

आजीचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. यावेळी तारीख तिने स्वतः फोन करून घेतली. मधल्या काळात ती वाडीत परत गेली आहे आणि रोज सकाळी साडेआठला, मी निघायच्या वेळेला, तिचा फोन येतो.

“गॅस बंद!” मी म्हणते.

“गॅस बंद!” ती तिकडून म्हणते. मग तिचा. मग माझं कुलूप, तिचं कडीकोयंडा. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आता सवय झाली आहे. वॉचमनकाका बोटं मोजत नाहीत. एकदाच उतरते.

परवा सगळं म्हणून झाल्यावर आजी थोडी थांबली आणि म्हणाली, “आणि गीझर?”

“आजी, माझा गीझर तुझ्या हद्दीत येत नाही.”

“बरं बाई,” आजी म्हणाली. “नाही येत तर नाही येत. पण एकदा बघून ये हो.”